बसली की पडली

डायना बसली तेव्हा मांडवात सनईची कॅसेट लागली होती आणि मंत्रीसाहेबांची गाडी वीस मिनिटांवर आली होती.

स्टेजच्या मागच्या अंगाला आंदणाच्या वस्तू रचल्या होत्या. सामुदायिक विवाह होता, एक्कावन्न जोडपी. एक्कावन्न गाद्यांच्या वळकट्या, एक्कावन्न भांड्यांचे संच, पिवळ्या कागदात बांधलेले. त्या ढिगाच्या टोकाला, जनरेटरच्या बाजूला, तोंड शिवलेलं एक गोणपाटाचं पोतं होतं. डायना पोत्यापाशी आली, नाक खाली घातलं आणि तिचा मागचा भाग जमिनीला टेकला. मग मान वळवून तिनं माझ्याकडे पाहिलं.

मी जिल्हा पोलिसांच्या श्वानपथकात हवालदार होतो. जिल्हा कोणता ते सांगत नाही, त्यातली काही माणसं अजून नोकरीत आहेत. डायना बॉम्बशोधक कुत्री होती, जर्मन शेफर्ड, सरकारी मालकीची, आणि मी तिचा पहिला हँडलर. ही कुत्री दारूगोळ्याचा वास आला की भुंकत नाही, उकरत नाही. वासापाशी गप बसते आणि हँडलरकडे बघते. बसली म्हणजे सांगितलं. सात वर्षांत ती खोटं बसलेली मला आठवत नाही.

"खैरनार, काय झालं?" स्टेजवरून ठोसर साहेब ओरडले. ते आमचे पोलीस निरीक्षक. "बसली का?"

खाली खुर्च्यांवर तीन-साडेतीन हजार माणूस होतं. मुंडावळ्या बांधलेली पोरं एका रांगेत, पोरी दुसऱ्या रांगेत. मी "बसली" म्हटलं असतं तर पाच मिनिटांत सगळा मांडव रिकामा करावा लागला असता.

"मॅटवर पाय घसरला साहेब," मी म्हणालो.

आणि तिच्या पट्ट्याला धरून तिला उभं केलं.

हे मी का म्हणालो ते कळायला दीड महिना मागं जावं लागेल.

पहिल्यांदा मला आवाज आला होता. सकाळी परेडला जाताना सिमेंटच्या रस्त्यावर तिच्या मागच्या डाव्या पायाची नखं खर्रखर्र घासायची. मी नखं कापली. आठ दिवसांनी उजवा पायही घासू लागला. मग वळताना ती मागून झोकांडी खायची, दारू प्यायलेल्या माणसासारखी, आणि स्वतःच चकित होऊन मागं बघायची. मी तिळाचं तेल चोळलं. इंदू, माझी बायको, म्हणाली, "अहो, हा काही लचकलेला पाय नव्हे. डॉक्टरांकडे न्या."

सरकारी दवाखान्याचे डॉक्टर अत्तार माझ्या ओळखीचे होते. त्यांनी एक्स-रे काढला, तो स्वच्छ आला. पुण्याला कुठंतरी फोन करून विचारलं. मग त्यांनी एक साधी गोष्ट केली. डायना उभी असताना तिचा मागचा पंजा उचलला आणि उलटा करून, म्हणजे वरची बाजू खाली करून, जमिनीवर ठेवला. कुठलंही कुत्रं पंजा लगेच सरळ करतं. डायनानं केला नाही. उलट्या पंजावर उभी राहून ती माझ्याकडे बघत राहिली.

"पाय कुठे आहे ते तिला कळतच नाहीये," डॉक्टर म्हणाले. "पाठीच्या कण्यातल्या नसा झिजताहेत. आधी मागचे पाय जाणार, मग लघवी-शी हातात राहणार नाही, मग पुढचे पाय."

"औषध?"

"नाही. रोज चालवा, मालिश करा, त्यानं थोडं लांबेल. वर्षभर म्हणा."

"दुखतं का हो तिला?"

"नाही दुखत. तेवढंच एक बरं आहे."

मला ते बरं वाटलं नाही. दुखत असतं तर ती कण्हली असती, मला काहीतरी कळलं असतं.

डॉक्टर कागद पुढं ओढून लिहायला लागले, तसा मी त्यांचा हात धरला. त्या काळी आमच्याकडे निकामी ठरलेलं कुत्रं हँडलरला मिळेलच असं नव्हतं. कधी लिलाव व्हायचा, कधी कुठल्या संस्थेकडे रवानगी. चालता न येणारं कुत्रं कोण घेणार आणि घेऊन काय करणार, हे मला माहीत होतं.

"लग्नसराई होऊ द्या डॉक्टर. मी स्वतःच साहेबांना सांगतो."

त्यांनी पेनाचं टोपण लावलं. "खैरनार, तुम्ही स्वतः सांगायचं. मी तपासलंय हे मला विसरता येणार नाही."

मी सांगितलं नाही. पहाटे लोक उठायच्या आत तिला ग्राउंडवर चालवायचो. गाडीत चढवताना कुणी बघत नसेल अशी वेळ साधून मागून उचलायचो. इंदूनं तिच्या मागच्या पंजांना लहान मुलांचे मोजे घातले, घरातल्या घरात. ड्यूटीवर मोजे काढायचो. आणि मला वाटत होतं, नाक तर शाबूत आहे ना, मग काम चाललंय.

पण त्या दिवसांत ती वाटेल तिथं बसायला लागली होती. म्हणजे पडायची. मागचे पाय मुडपायचे आणि ती बसकण मारायची, अगदी बसल्यासारखी. बसणं हीच तिची भाषा होती आणि आजारानं नेमकं तेच उचललं होतं.

म्हणून मांडवात मी बोललो ते खोटं होतं असंही मला म्हणता येत नाही. खरं होतं असंही म्हणता येत नाही.

साहेब दुसरीकडे वळल्यावर मी तिला परत फिरवून आणलं. आम्हाला तसं शिकवलेलंच असतं, शंका आली तर कुत्र्याला पुन्हा दाखवायचं. तिनं गाद्यांपाशी हुंगलं, भांड्यांपाशी हुंगलं, ती पोत्याजवळून गेली आणि थांबली नाही. पण तिची जीभ लोंबत होती, मागचे पाय थरथरत होते, आणि तिचं लक्ष वासाकडे होतं की पायांकडे, हे मला ओळखू येईना. सात वर्षं मी तिच्या कानाच्या टोकावरून तिच्या मनातलं सांगत आलो होतो. त्या क्षणी ती मला परक्या कुत्र्यासारखी वाटली.

शिवराम पाडवी जवळ आला. तो माझा जोडीदार, डायनाचा दुसरा हँडलर, नंदुरबारकडचा. फार बोलायचा नाही.

"भाऊ, बसली ना ती?"

"घसरली."

त्यानं पोत्याकडे पाहिलं, मग तिच्या पायांकडे. "महिन्याभरापासून घसरतेय," तो म्हणाला.

म्हणजे त्याला ठाऊक होतं.

बाहेर सायरन वाजला. मंत्री आले, हार झाले, माईक खरखरला. आता बोलायची वेळ निघून गेली होती. म्हणजे खरं तर गेली नव्हती, अजूनही मी स्टेजवर जाऊन साहेबांच्या कानात दोन शब्द सांगू शकत होतो. पण सांगणार काय? कुत्री बसली होती, असं? मग आधी घसरली का म्हणालास? घसरली होती, असं? मग कुत्री आजारी असताना ड्यूटीवर कशी? आणि हे दोन्ही बाजूला ठेवलं तरी मला खरंच कळत नव्हतं की झालं काय.

मी पाडवीला म्हटलं, "तिला गाडीत घेऊन जा. मी इथं थांबतो."

"का?"

"असाच."

पाडवी जागचा हलला नाही. "तुम्ही न्या तिला. मी थांबतो."

"पाडवी, जा म्हणतो ना."

"मग तिघंही थांबू," तो म्हणाला, आणि पोत्याच्या पलीकडच्या बाजूला जाऊन उभा राहिला.

आमच्या तिथं उभं राहण्यानं काय होणार होतं? त्या पोत्यात काही असतं तर आम्ही दोघं सोडून आणखी दोनशे माणसं गेली असती. पण तिथून हलणं मला जमेना. मंगलाष्टकं सुरू झाली. 'शुभमंगल सावधान' झालं की चारी बाजूंनी अक्षता उडायच्या, काही आमच्या टोप्यांवर पडायच्या. जनरेटर धडधडत होता. डायना आमच्या मध्ये आडवी पडून धापा टाकत होती. पोत्याकडे तिची पाठ होती. तिला त्यात काही रस नव्हता असं मला वाटायचं, आणि पुढच्याच क्षणी वाटायचं, तिनं एकदा सांगितलं, आता तिचं काम संपलं.

शेवटची अक्षता पडली तसा मुंडासं बांधलेला एक जाडजूड माणूस लगबगीनं आला आणि त्यानं पोत्याला हात घातला.

"हात लावू नको!" मी इतक्या जोरात ओरडलो की पुढच्या रांगेतल्या बायका वळल्या.

"का हो जमादार? माझंच हाय की." त्यानं कनवटीचा चाकू काढला आणि टरकन शिवण उसवली. आत सुतळी बॉम्ब होते. माळा, भुईचक्रं, रॉकेटांच्या जुड्या. "वरात निघायची ना आता. एक्कावन्न नवरदेव हायती, मोकळे न्यायचे का काय?"

मी मटकन गादीवर बसलो. पाडवी तोंडावर हात धरून हसायला लागला, आणि मग त्याचं हसणं थांबलं. त्याच्या मनात आलं तेच माझ्या मनात आलं होतं. सुतळी बॉम्बात दारू असते. डायनाला तो वास शिकवलेला होता.

म्हणजे ती बसली होती.

की पडली होती आणि नेमकी तिथं पडली?

त्याच दिवशी चारच्या सुमारास मी ठोसर साहेबांच्या केबिनमध्ये गेलो आणि सगळं सांगून टाकलं. आजार, डॉक्टर अत्तार, मोजे, पोतं. साहेब सरळ माणूस होते, त्यांनी मधे एकदाही अडवलं नाही. शेवटी म्हणाले, "जबाब लिहावा लागेल. एकच गोष्ट स्पष्ट सांग. ती बसली होती की पडली होती?"

"साहेब, मला माहीत नाही."

"माहीत नाही म्हणजे?" त्यांचा आवाज पहिल्यांदाच चढला. "तू हँडलर आहेस तिचा. बसली म्हणालास तर कुत्रीनं काम चोख केलं, चूक तुझी एकट्याची. पडली म्हणालास तर कुत्री निकामी असताना तू ती वापरलीस, तरी चूक तुझीच. तुला वाचवायचं म्हणून मी विचारत नाहीये. कागदावर काय घालू ते सांग."

मी उभा राहून खूप विचार केला. बसली म्हणावं, तिच्या नोंदीत शेवटचं काम खरं लागेल, असं मनात येत होतं. पण मंडपात एकदा न कळता बोललो होतो, पुन्हा तेच करायला जीभ उचलेना.

"नाही कळलं साहेब. बघत होतो तिच्याकडे, तरी नाही कळलं."

साहेबांनी तसंच लिहून घेतलं.

कसुरी लागली, म्हणजे कामात कसूर केल्याची शिक्षा. श्वानपथकातून माझी बदली ठाण्यात झाली, पहारा आणि समन्स वाटप. डायना निकामी ठरली. लिलावाचा विषय निघाला तेव्हा साहेबांनीच अर्जाचा मजकूर मला सांगितला आणि स्वतः वरून मंजुरी आणली. पट्ट्यावरचा सरकारी बिल्ला काढून घेऊन तिला माझ्या हवाली केलं.

पुढचे अकरा महिने ती आमच्या घरी होती. पोलीस लाइनीत दुसऱ्या मजल्यावर खोली, बत्तीस किलोचं कुत्रं. इंदूनं जुन्या चादरीची झोळी शिवली. ती झोळी पोटाखालून घालायची, मी मागून उचलून धरायचो आणि डायना पुढच्या दोन पायांवर जिने उतरायची. तिला वाटायचं, ती चालतेय. पुढं सायकलवाल्या युसुफभाईंनी बाबागाडीची चाकं आणि ॲल्युमिनियमचा पाइप लावून एक गाडा करून दिला. पहिल्या दिवशी ती गाड्यात बांधल्यावर पुतळ्यासारखी उभी राहिली. दुसऱ्या दिवशी ग्राउंडवर शेळ्या दिसल्या आणि ती अशी सुटली की गाड्यासकट गटारात. इंदू आणि मी तिला धुताना पोट धरधरून हसलो होतो.

पण माझ्या डोक्यातली भानगड काही संपली नव्हती. ती शेजारच्या वाघमाऱ्यांच्या स्कूटरजवळ बसकण मारायची की मी डिकीकडे बघायचो. रेशनच्या दुकानासमोर बसली की मी थबकायचो. एकदा समोरच्या बिऱ्हाडाच्या दारात ती अशी बसली आणि मान वळवून असं पाहिलं की मी त्यांची कडी वाजवून, काही नाही, चौकशीला आलो, असं काहीतरी बरळलो. इंदू मागून आली. झोळी तिच्या खांद्यावर होती.

"अहो, काय बघताय?"

"ती बसली की पडली, ते बघतोय."

"बसली असली तरी उचलायचंय, पडली असली तरी उचलायचंय," ती म्हणाली. "धरा तिकडून."

इंदूला कुत्र्यांची कधीच आवड नव्हती. लग्नानंतर पहिली काही वर्षं तिची तक्रार असायची की माझा पगार घरी येतो आणि मी पथकात राहतो. आता मी पहाऱ्याला असताना दिवसातून चार वेळा तीच डायनाला पालथी-उताणी करायची, पोट दाबून लघवी करवायची, कुशीला फोड येऊ नये म्हणून पावडर लावायची. पथकात शिकलेली कुत्री स्वतःच्या जागेत कधी घाण करत नाही. झाली की ती तोंड भिंतीकडे करायची, आणि इंदू आवरून होईपर्यंत तशीच राहायची.

शेपूट हलायची थांबली तेव्हा मला पुन्हा धक्का बसला. शेपूट मागच्या भागातच मोडते, तीही जाणार, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. मी ड्यूटीवरून यायचो, ती डोकं उचलून बघायची, आणि आनंद झालाय की नाही ते समजायला काही साधनच उरलं नव्हतं.

फाल्गुनात पुढचा डावा पाय मुडपला. डॉक्टर अत्तार घरी येऊन बघून गेले. जिन्यात मला म्हणाले, "या आठवड्यात किंवा पुढच्या. पुढं श्वासाला त्रास होईल, तो बघवणार नाही. तुम्ही सांगा, मी येतो."

मी कसं सांगणार? ती खात होती. दूध-भाकरी समोर धरली की खात होती. कानही टवकारायची. रोज सकाळी मी तिच्यासमोर मांडी घालून बसायचो आणि डोळ्यांत बघायचो. कधी वाटायचं, पुरे म्हणतेय. कधी वाटायचं, नुसती भूक लागलीय. एक आठवडा गेला, दुसराही अर्धा गेला. मी पाडवीला बोलावून आणलं. तो तिच्याजवळ तासभर बसला, डोक्यावरून हात फिरवला आणि जाताना म्हणाला, "मला नाही सांगता येत, भाऊ."

त्या गुरुवारी सकाळी मी असाच तिच्यासमोर बसलो होतो. इंदू चादर बदलत होती. ती हातातलं काम न थांबवता म्हणाली, "आज डॉक्टरांना बोलवा."

"तुला कळलं? कशावरून? काय केलं तिनं?"

"काही नाही केलं."

"मग कसं कळलं तुला?"

"मला काही कळलेलं नाही." इंदूनं ओली चादर बादलीत टाकली आणि माझ्याकडे वळली. तिचे डोळे भरले होते, पण आवाज साधा होता, भाजी काय आणायची ते सांगावं तसा. "तुम्हाला कळेपर्यंत तिनं असंच थांबायचं का?"

मी उठलो आणि कोपऱ्यावरच्या बूथवरून फोन केला.

डॉक्टर दहाला आले. इंदूनं साजूक तुपातला शिरा केला होता, तो डायनानं चाटून पुसून खाल्ला, आणि त्यानं मी पुन्हा डळमळलो. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी इंदूकडे पाहिलं. ती डायनाच्या मागच्या बाजूला बसली होती, ज्या पायांत काहीच उरलं नव्हतं ते दोन्ही पाय मांडीवर घेऊन. मी डोकं धरलं. सुई पुढच्या पायात दिली. तिनं सुईकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि काय म्हणून पाहिलं ते मला याही वेळी कळलं नाही. मी म्हणत राहिलो, शाब्बास, शाब्बास बेटा. थोड्या वेळानं डॉक्टरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

ग्राउंडच्या पलीकडं बाभळींपाशी खड्डा पाडवीनं आणि मी खणला. ऊन फार होतं, जमीन कडक होती, त्यात वेळ गेला. हात-पाय धुऊन, वर्दी चढवून मी ठाण्यात पोचलो तेव्हा अडीच वाजले होते. बाराला हजेरी होती.

ठाणे अंमलदार कदम डायरीवर वाकून बसले होते. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं, मग माझ्या नखांतल्या मातीकडे.

"अडीच तास उशीर, खैरनार. कारण काय लिहू?"

मी टेबलासमोर उभा राहिलो. सांगायला गेलं तर किती सांगावं लागलं असतं.

"घरगुती," मी म्हणालो.

त्यांनी तसं लिहिलं.